परसबाग : जास्वंदीवरील पांढरी कीड आणि गृहस्थाचा यत्नाचार



मागील अंकात कुंड्यांतील माती बदलण्याविषयी लिहिले होते. या वेळी बोगनवेलीच्या छाटणीकडे वळण्याचा विचार होता; परंतु मध्यंतरी एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि तो विषय पुढे ढकलणे मला भाग पडले. पत्र चार पानांचे आहे. सोबत मोबाईलवर टिपलेली सहा छायाचित्रे आहेत. नावगाव न देता त्यातील मजकूर थोडक्यात सांगते.

त्यांच्या दारातील लाल जास्वंद त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. सासरे जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या दोन महिन्यांपासून झाडाचे शेंडे आखडून गाठीसारखे झाले आहेत. कळ्या उमलण्याआधीच गळतात. कोवळ्या फांद्यांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे काही चिकटले आहे आणि झाडाखालची फरशी पायाला चिकट लागते. मुलाने दुकानातून औषधाची बाटली आणून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "इतक्या जिवांवर विष घालून मला ते झाड जगवायचं नाही." मुलगा म्हणाला, "मग आजोबांचं झाड डोळ्यांदेखत मरू द्यायचं का?" बाटली सीलबंदच कपाटावर आहे आणि आजी-नातवाचे बोलणे मात्र तुटक झाले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "यात चूक कोणाची? तुम्हीच काय ते सांगा."

धर्मनिर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो त्यांनी आपल्या गुरुमहाराजांनाच विचारावा. परंतु या प्रश्नाचा अर्धा भाग डोळ्यांचा आहे, आणि त्याविषयी मला सांगता येईल. आजी आणि नातू दोघांनीही झाडावर नेमके कोण बसले आहे हे अद्याप पाहिलेले नाही. एकाला ते सारे शत्रू वाटतात, दुसरीला सारे निरपराध जीव. आपल्या घराण्यांत पोत्यातला दाणा हातावर घेऊन पाहिल्यावाचून कोणी भाव सांगत नाही. झाडाच्या बाबतीत मात्र आपण मालाकडे न पाहताच सौदा करून मोकळे होतो.

माझ्या सासऱ्यांची सराफी पेढी होती. पेढी बंद झाली तेव्हा तराजू-वजने दिरांकडे गेली आणि दहापट मोठे दाखवणारे एक भिंग माझ्या वाट्याला आले. आज ते बागेतच वापरले जाते. ज्यांच्या घरी असे भिंग आहे त्यांनी ते झाडाकडे वळवावे. नसल्यास साधे भिंगही चालेल. सकाळी ऊन चढण्यापूर्वी झाडापाशी जावे, पान अलगद उलटे करावे, कारण बहुतेक कीटक पानाच्या पाठीवर असतात. नंतर एक पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीला बोटाने हलकीशी टिचकी द्यावी. कागदावर जे पडेल ते पाहावे आणि कागद पुन्हा फांदीपाशी टेकवून त्या जिवांना परत जाऊ द्यावे. एवढ्या तपासणीला दहा मिनिटे पुरतात.

या तपासणीत पहिली गोष्ट अशी आढळते की, आपण ज्याला रोग समजतो त्यातील बरेचसे रोग नव्हेतच. गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने गोल कापल्यासारख्या दिसल्या की घरोघरी घबराट होते. ते काम पाने कातरणाऱ्या एका एकांड्या मधमाशीचे असते. ती पान खात नाही. ते चकत्यांसारखे तुकडे नेऊन आपल्या पिल्लांसाठी घरटे मढवते. गुलाबाचे त्यात काहीही बिघडत नाही. जास्वंदीची खालची चार-सहा पाने पिवळी पडली तर प्रथम कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे का ते पाहावे. साचलेल्या पाण्याने मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी होतात. कण्हेरीच्या शेंड्यांवर आणि परसातील रुईवर गर्द पिवळ्या रंगाचा मावा दाटीने बसतो. तो कण्हेर-रुईच्याच कुळातील वनस्पतींवर जगतो. शेजारच्या जास्वंदीवर किंवा गुलाबावर तो चढून येईल ही भीती व्यर्थ आहे. तेथे हात न लावणे हाच उपचार.

लिंबू आणि कढीपत्त्यावरील अळीविषयी दरवर्षी एक तरी पत्र येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते; डिवचली तर डोक्यामागून तांबूस रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ही फुलपाखराची अळी. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून ज्याची निवड केली, त्या ब्ल्यू मॉरमॉनची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. मोठा कढीपत्ता या अळ्यांनी मरत नाही. लहान रोप मात्र दोन दिवसांत काठीसारखे होते. आमच्या घरी याचा मार्ग सोपा आहे. परसाच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचे एक जादा झाड लावले आहे. रोपावर अळी दिसली की ती ज्या पानावर आहे ते पान देठासह तोडून त्या झाडावर ठेवायचे. अळीला हातही लावावा लागत नाही. ते झाड 'त्यांचे' आहे असे आमच्या घरातील मुलेही जाणतात.

आता खरोखर रस शोषणाऱ्या मंडळींकडे येऊ, कारण झुडपांचे नुकसान मुख्यतः तेच करतात. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर हिरवे वा काळे, मऊ, नाशपतीच्या आकाराचे बारीक कीटक दाटीने दिसले तर तो मावा. थंडीच्या दिवसांत गुलाब आणि शेवंतीवर तो हमखास येतो. माव्याची मादी नराविना पिल्लांना जन्म देते, म्हणून दोन-चार दिसलेले आठवड्यात शेकडो होतात. पिठासारखा लेप अंगावर घेतलेले, हळू सरकणारे, फांदीच्या बेचक्यांत बसलेले ते पिठ्या ढेकूण. जास्वंदीवरील पिठ्याच्या एका जातीची लाळ झाडाला बाधते. त्यामुळे शेंडे आखडतात, पाने चुरगळून गुच्छ बनतात. त्याची ओळख अशी की, पिंजलेल्या कापसासारख्या पुंजक्यात भिंगाखाली गुलाबी रंगाची अंडी दिसतात. पत्रातील झाडाची लक्षणे हीच आहेत. फांदीवर तपकिरी, न हलणारे, नखाने निघणारे फोड दिसले तर ती खवले कीड. पान हलवताच पांढरा भुगा उडाल्यासारखे होते ती पांढरी माशी. आणि उन्हाळ्यात पानावर टाचण्या टोचल्यासारखे फिकट ठिपके, मागे बारीक जाळे, असे दिसले तर लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटकांत मोडत नाही.

फरशीवरचा चिकटपणा यांच्यामुळेच येतो. झाडाचा रस गोड असतो. प्यालेल्या रसातील जास्तीची साखर हे जीव बाहेर टाकतात. त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. त्या काळ्या पानांवर औषध शोधणे व्यर्थ. ओल्या मऊ फडक्याने पुसली तरी पुरे. त्याच गोडीसाठी मुंग्या येतात आणि मावा-पिठ्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर वर कोणी तरी रस शोषत बसले आहे असे खुशाल समजावे. शत्रूचा पत्ता मुंगीच देते.

परंतु भिंगाचा खरा उपयोग याहून पुढचा आहे. माव्याच्या गर्दीत कधी कधी मगरीसारख्या आकाराची, काळी, नारिंगी ठिपक्यांची एक अळी फिरताना दिसते. ही लाल पाठीच्या ढालकिड्याची अळी; ती मावा खाते. पानावर केसासारख्या देठांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी अंडी उभी असतात; लोक त्यांना बुरशी समजून पुसून टाकतात. ती क्रायसोपा नावाच्या हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाची अंडी. माव्यांपैकी काही फुगून कागदासारखे कोरडे, भुरकट झालेले असतात आणि त्यांच्या पाठीला गोल छिद्र असते; त्यातून एक बारीक गांधीलमाशी बाहेर पडून गेलेली असते. आणि जास्वंदीवरील पिठ्यामध्येच एक असा जीव वावरतो की ज्याने मलाही वर्षानुवर्षे फसवले. तो दिसतो अगदी पिठ्यासारखा, तसाच पांढरा, उलट अंगावरील मेणाचे तंतू अधिक लांब. परंतु आकाराने पिठ्याच्या तिप्पट आणि चालीने कितीतरी चपळ. ही क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. पिठ्या हे तिचे अन्न. ती मोठी झाली की सुमारे 4 मिलिमीटरचा काळा भुंगेरा होतो, ज्याचे डोके आणि मागची कड नारिंगी असते. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये तो भारतात आणला गेला तो कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी. नाव मात्र त्याने पिठ्यावर कमावले. 'सर्वांत मोठी कीड' म्हणून आपण जिला प्रथम मारतो, ती पुष्कळदा हीच असते.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते एका चुकीतून मिळाले, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे प्रामाणिक होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माघ महिना होता. आमच्या अंगणातील दोन जास्वंदी आणि एक गुलाब पिठ्याने भरून गेले होते. दुकानदाराने पान न पाहताच एक बाटली हातात ठेवली आणि "एका फवाऱ्यात सगळं साफ होईल" असे सांगितले. घरातील मोठ्यांना न विचारता मी सकाळी आठ वाजता, फुले उमललेली असताना, तिन्ही झाडे भिजवून काढली. सगळे साफ झाले हे खरे. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई मऊ झाडणीने अंगण झाडत होत्या. त्या मध्येच थांबल्या, आत जाऊन एक कागद घेऊन आल्या आणि खाली वाकून काही वेचू लागल्या. मी जवळ गेले. कागदावर मधमाश्या होत्या, ढालकिडे होते, एक फुलपाखरू होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, "अगं, ह्या सगळ्यांनी झाड खाल्लं होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रागावल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी त्या झाडांचे एकही फूल तोडू दिले नाही, एवढेच. पुढे चैत्रात त्याच जास्वंदीवर लाल कोळी इतका माजला की पाने तांबूस होऊन गळाली. का, ते मला पुष्कळ उशिरा कळले. कोळ्याला खाणारे जीव त्या फवाऱ्यात मेले होते. कोळी मात्र त्या औषधाला दाद देत नव्हता. म्हणजे मी ज्यांना मारायला गेले त्यांच्याबरोबर राखणदारही मारले आणि नव्या चोरासाठी दार उघडे ठेवले. व्यवहारानेही तो तोट्याचा सौदा होता.

आपल्या परंपरेत गृहस्थासाठी हिंसेचे चार भेद सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडावयाची. उरलेल्या तिन्हींपासून तो पूर्ण सुटत नाही, म्हणून त्या यत्नाचाराने कमी कराव्यात. बाग हा आरंभच आहे. माती खणली तरी जीव दुखावतात. तेव्हा 'मी बाग करते पण हिंसा करत नाही' असे मला म्हणता येणार नाही. किती कमी करता येईल हे पाहणे तेवढे माझ्या हाती आहे. त्या दृष्टीने मी जे करते ते सांगते. त्यातही पहिल्या पायरीचे फळ मिळाल्यावर दुसरीकडे जाऊ नये.

सुरुवात कीड येण्यापूर्वीच करावी. युरियासारखे नत्राचे खत जास्त झाले की फुटवे लुसलुशीत निघतात आणि माव्याला आमंत्रण मिळते. थोडे, जुने, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड पुरेशी आहे. (तयार खताच्या पिशव्यांत हाडांचा चुरा असतो, पिशवीवरील मजकूर वाचून घ्यावा, हे मागे एकदा लिहिलेच आहे.) झाडे दाटीने लावू नयेत, वारा खेळला पाहिजे. रोपवाटिकेतून आणलेले रोप लगेच इतर झाडांत मिसळू नये. त्याला पंधरा दिवस वेगळे ठेवावे आणि मुळांपासून शेंड्यापर्यंत पाहावे. आमच्याकडील पिठ्या असाच एका नव्या रोपाबरोबर आला होता, असा माझा दाट संशय आहे.

मुंग्यांची वाट अडवली की अर्धे काम होते, कारण मग ढालकिड्यांना मोकळीक मिळते. पूर्वी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तसेच कुंडी विटेवर ठेवून वीट पाण्याच्या परातीत ठेवावी. कुंडीची फांदी भिंतीला वा दुसऱ्या झाडाला टेकू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. पाणी एक दिवसाआड झाडाच्या मुळाशी ओतून परात कोरडी पुसावी; साचू दिले तर त्यात डासांच्या अळ्या होतील आणि एक हिंसा टाळताना दुसरी पदरात पडेल. जमिनीतील झाडाला हा उपाय लागू नाही. तेथे खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटून चढण्याच्या वाटा तरी कमी कराव्यात.

मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी यांच्यासाठी पाणी हाच माझा मुख्य उपाय आहे. सकाळी पानांच्या पाठीवर नळीने पाण्याची धार द्यावी. शेंडा मोडेल इतकी जोराची नको. तीन-चार दिवसांनी पुन्हा द्यावी. कोळ्याला कोरडी उष्णता मानवते, ओलावा नाही. पण यालाही मी निर्दोष म्हणत नाही. माव्याची सोंड झाडात रुतलेली असते. धारेने ओढला गेला की ती तुटू शकते आणि खाली पडलेला मावा बहुधा पुन्हा वर चढत नाही. विषापेक्षा हे कितीतरी सौम्य आहे, शिवाय ढालकिडे-मधमाश्या वाचतात, एवढेच त्याच्या बाजूने सांगता येते.

पिठ्या आणि खवले यांना पाण्याने फारसे हलवता येत नाही. तेथे छाटणी. जास्वंद कठोर छाटणी सोसते आणि पुन्हा जोमाने फुटते. आखडलेले शेंडे गाठीच्या खाली बोटभर निरोगी फांदी धरून कापावेत. कापलेले तुकडे जाळावेत असे पुस्तके सांगतात. मला ते जमत नाही. मी ते एका टोपलीत घालून जवळपास झाडझुडूप नसलेल्या कोपऱ्यात पाण्याच्या परातीतील विटेवर ठेवते. पिठ्याच्या मादीला पंख नसतात, ती टोपलीपासून झाडापर्यंत येऊ शकत नाही; आत अडकलेले भुंगेरे आणि बारीक गांधीलमाश्या मात्र पंख फुटताच उडून झाडाकडे परततात. फांद्या वाळल्यावर त्यातील पिठ्या मरतात, हे मी कोणापासून लपवत नाही आणि स्वतःपासूनही नाही.

एवढ्यानेही झाड सावरत नसेल तर निंबोळी तेल. एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर तेल आणि तेल पाण्यात मिसळावे म्हणून थोडा सौम्य साबण. कपडे धुण्याची पावडर नको, तिने पाने करपतात. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस वाट पाहावी. वेळ सूर्यास्तापूर्वीची, मधमाश्या परतल्यानंतरची आणि ऊन उतरल्यावरची. उमललेल्या फुलांवर थेंबही पडू नये. आता हे 'नैसर्गिक' औषध म्हणजे अहिंसक असा जो समज आपल्या घरांत पसरला आहे, तो मला खोडून काढावासा वाटतो. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकाची भूक मारते आणि त्याला कात टाकू देत नाही. पिल्ले हळूहळू मरतात. साबणाचे पाणी मऊ कीटकाच्या अंगावरील मेण धुऊन टाकते आणि तो सुकून मरतो. हे सारे मारणेच आहे. म्हणून मी निंबोळी तेल कीड माजल्यावर नव्हे, तर नव्या फुटव्यांवर आधीच, अगदी कमी प्रमाणात फवारते. कडू फुटव्यावर पुष्कळ कीटक बसतच नाहीत. तंबाखूच्या अर्काचा जुना नुस्खा अजून सांगितला जातो. तो कोणीही करू नये. निकोटीन माणसालाही घातक आहे. लसूण-मिरचीच्या अर्काची कृती तर प्रत्येक पुस्तिकेत असते. लसूण आपल्या पुष्कळ घरांत येतच नाही. त्यावाचून आमची झाडे काही अडून राहिलेली नाहीत.

पिवळे चिकट सापळे मी लावत नाही. त्यांवर पांढरी माशी चिकटते तसेच इतरही जीव चिकटून तडफडतात.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. मित्रकीटक विकत मिळतात. 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवरील पिठ्याने थैमान घातले, तेव्हा 2010 मध्ये प्युर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या गेल्या आणि शेतकऱ्यांच्या बागा वाचल्या. विषाचे कितीतरी फवारे त्यामुळे टळले. मग आपणही भुंगेरे विकत आणून झाडावर सोडावेत का? कृत, कारित, अनुमोदित असे तिन्ही दोष आपल्याकडे मानले जातात. पिठ्या खाण्यासाठी भुंगेरा विकत आणणे हे 'कारित' नव्हे तर काय? आणि आपण होऊन आलेल्या भुंगेऱ्याला पाहून मला जो आनंद होतो, त्याचे काय? मी विकत आणत नाही. आलेल्याला हुसकावत नाही. माझ्यापुरती मी तेथे रेघ ओढली आहे. तुमची रेघ वेगळी असू शकेल.

आता कपाटावरच्या बाटलीविषयी. छायाचित्र क्रमांक 6 त्या बाटलीचे आहे. तिच्यावर हिरवा त्रिकोण आहे आणि त्यावरून मुलाने ती 'निर्धोक' असल्याचे सांगितले आहे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण औषध किती जहाल आहे ते सांगतात, लाल सर्वांत जहाल. परंतु ही वर्गवारी सस्तन प्राण्यांवरील चाचण्यांतून ठरते. माणसाला एखादे औषध कमी घातक आहे एवढेच हिरव्या त्रिकोणावरून कळते. मधमाशीविषयी तो काहीच सांगत नाही. काही औषधे आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसात भिनतात आणि फुलातील मधापर्यंत पोहोचतात. इमिडाक्लोप्रिड हे त्यांपैकीच एक. मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्यावर त्याच्या वापराला बंदी केली. ज्या झाडाचे फूल देवापुढे वाहायचे, ज्या कढीपत्त्याची फोडणी द्यायची, त्यात असे औषध भिनवणे मला व्यवहारातही पटत नाही. तेव्हा चिरंजीवांनी बाटली सीलबंद आहे तोवर पावतीसह दुकानात परत करावी. न घेतल्यास मूळ बाटलीतच, कुलपात ठेवावी. दुसऱ्या बाटलीत ओतू नये आणि मोरीत तर मुळीच ओतू नये.

भगिनी, तुमची छायाचित्रे मी भिंगाखाली दोनदा पाहिली. क्रमांक 1 ते 3 मध्ये पिठ्याच आहे, त्याबद्दल शंका नाही. आखडलेले सात शेंडे मोजता आले. क्रमांक 5 मध्ये, खालच्या बेचक्यात, लांब तंतूंचे जे तीन मोठे पांढरे जीव तुम्ही लाल पेनाने गोल करून 'हे सर्वांत भयंकर' असे लिहिले आहे, ते क्रिप्टोलिमसच्या अळ्या आहेत. ती फांदी कापू नका. बाकीचे सात शेंडे नातवाने कापावेत आणि आजींनी टोपलीवर लक्ष ठेवावे. जास्वंद कुंडीत नाही, जमिनीत आहे, म्हणून भिंतीला टेकलेल्या दोन फांद्याही काढाव्या लागतील, तेथूनच मुंग्या चढत आहेत. युरिया घालत असाल तर थांबवा. नवे फुटवे साधारण तीन आठवड्यांत दिसू लागतील. त्यांचे एक छायाचित्र मला पाठवा. फुटवे पुन्हा आखडलेले निघाले तर दुसरी छाटणी करावी लागेल, आणि झाड वाचेलच असे वचन मी आज देऊ शकत नाही. जाड लाकूड अजून हिरवे आहे एवढे मात्र छायाचित्रात स्पष्ट दिसते. खात्री करून घ्यायची असेल तर खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा.

पुढील अंकात राहिलेली बोगनवेल.